वय नव्हे, पत्रा पाहा

तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या चौकात रात्रीसुद्धा गाड्यांची वर्दळ थांबत नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53, इथूनच नागपूरहून अमरावतीकडे जातो. आर्वीचा आणि आष्टीचा रस्ताही इथेच फुटतो. इतक्या गाड्या डोळ्यांसमोरून धावत असताना मध्यरात्री घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की ज्याच्या दारात गाडी नाही, तो किरायाच्या गाडीसाठी फोन लावत बसतो. त्यामुळे इथल्या घरात येणारी पहिली गाडी हौसेची नसते, गरजेची असते.

अशाच गरजेने गावातला एक तरुण मागच्या रविवारी मला सोबत घेऊन गेला. त्याच्या आईला महिन्यातून दोनदा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावं लागतं. त्याने 2004 ची मारुती 800 पाहून ठेवली होती आणि मालक 45 हजार सांगत होता. "काका, इंजिन एकदम मस्त आहे, पत्राच थोडा खाल्ला आहे," तो म्हणाला. माझा आजचा सगळा लेख या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

इंजिन बिघडलं तर ते बांधता येतं. 800 चं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. डिसेंबर 1983 पासून जानेवारी 2014 पर्यंत ही गाडी बनत होती. तिचं काम येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात आजही सापडतो आणि भागही मिळतात. क्लच, ब्रेक, रेडिएटर यांचा खर्च आधी विचारून घेता येतो. गंजाचा हिशेब असा आधी लागत नाही. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फोड येतात. तो सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूला झाकत नाही, उलट पाणी धरून ठेवतो. वरून दिसणारा रुपयाएवढा फोड आतून तळहाताएवढा असू शकतो.

शिवाय या गाडीला जुन्या जीपसारखी वेगळी चासी नसते. तिचा सांगाडा म्हणजे पत्राच. दाराखालची पट्टी, फरशी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सीटचा पट्टा जिथे आवळला जातो ती जागा, हे सगळं मिळून गाडी उभी असते. दाराच्या खालच्या कडेला गंज असेल तर दार बदलता येतं. दाराखालची पट्टी पोकळ झाली असेल, तर मागून आलेल्या ट्रकच्या धडकेत आतल्या माणसाला वाचवणारं काही उरत नाही. महामार्गावर राहणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

म्हणून गाडी बघायला जाताना एक लोहचुंबक न्या. तो चिकटला नाही तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. पायाखालची मॅटिंग उचलून फरशी बोटाने दाबा. बॅटरीखाली पाहा. डिक्कीतली स्टेपनी बाहेर काढा. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, पण खताची पोती गाडीतून वाहिली जातात, आणि पोटॅशसारखं खत म्हणजे शेवटी क्षारच. डिक्कीत सांडलेलं मूठभर पोटॅश पावसाळ्यात ओल ओढतं आणि समुद्राचं काम शेतात करतं. मग चार माणसं बसवून सत्याग्रही घाट चढा; इंजिन तापतं का, धूर मारतं का, ते तिथे कळेल. शेवटी गाडीला जॅक लावा.

पत्र्यानंतर कागद. या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2019 ला संपली, पुढची पाच वर्षं 2024 ला. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाला 10 हजार रुपये शुल्क आहे. पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीला 5 हजार. त्यात पर्यावरण कर, विमा, नवी सुरक्षा नंबरप्लेट आणि नावावर करण्याचा खर्च मिळवा. चासी नंबर बुकाशी जुळवून पाहा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा. दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी कुणी दाखवली, तर तिथली ना हरकत आणि इथला रस्ता कर हिशेबात धरा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइप बदलण्याचे पैसेही बाजूला ठेवा. गाडी, कागद आणि दुरुस्ती असे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहा. कागद आणि दुरुस्ती मिळून गाडीच्या किमतीपुढे जात असतील, तर तेवढ्या पैशात आठ-दहा वर्षांनी तरुण गाडी मिळते का, ते आधी शोधा. 2010 मध्ये मोठ्या तेरा शहरांत 800 ची विक्री थांबली, पण लहान गावांत ती पुढेही विकली गेली. तेव्हा त्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्या आपल्याच भागात सापडतील.

सरकारला मात्र एक सांगायचं आहे. शुल्क गाडीच्या वयावर ठरतं, अवस्थेवर नाही. शिक्षकाने वीस वर्षं शेडमध्ये सांभाळलेली गाडी आणि खताने पोखरलेली गाडी सारखेच 10 हजार भरतात. धोका वयात नसून पोकळ पत्र्यात आहे. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक जुनी गाडी वर उचलून तिचा तळ तपासा, सडलेली निर्दयपणे बाद करा, आणि धडधाकट निघेल तिचं शुल्क कमी ठेवा. गरिबाची पहिली गाडी महाग करून रस्ता सुरक्षित होत नाही, सडलेली गाडी थांबवून होतो.

रविवारी आम्ही डाव्या बाजूला जॅक लावला. गाडी वर येण्याऐवजी जॅकचं डोकं कर्रकन पत्र्यात शिरलं. इंजिन खरंच छान होतं, त्यामुळे त्या पोराचा जीव तुटला. मालक म्हणाला, दोन हजारांत पुट्टी मारून देतो. मी त्या पोराला इतकंच विचारलं, "या पट्टीला टेकून आईला बसवशील?" त्याने मान हलवली आणि आम्ही निघालो. संत्र्याच्या मृग बहाराचे पैसे आले की तो दुसरी गाडी पाहणार आहे. ती 800 असो की दुसरी कुठली, आम्ही आधी जॅक लावू आणि मगच भाव विचारू.