आधी मुलाची बोटं बघा
शाळा सुरू होण्याच्या सुमारास दुकानांत ठिपक्यांवरून ‘अ’, ‘आ’ गिरवायच्या वह्यांची चळत लागते आणि तीन वर्षांच्या मुलासाठीही आपण त्या हौसेने घेतो. या वयात बोटांत पेन्सिल पेलण्याचं पुरेसं बळ नसतं. ते कणीक मळून, कागद फाडून-चिकटवून, मणी ओवून येतं. म्हणून कृतिपुस्तिका चाळून घ्यावी: एकच बरोबर उत्तर मागणाऱ्या पानांपेक्षा कापा, घडी घाला, शोधा, रंगवा असं सांगणारी पानं जास्त हवीत, कागद जाड हवा. गोष्टीच्या पुस्तकाची दोन पानं दुकानातच मोठ्याने वाचावीत. आपली जीभ अडखळली, तर मुलाचा कानही तिथे रमणार नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली रोजची माणसंच गोष्ट होतात आणि ऐकणारं मूल आपल्या घराबद्दल बोलू लागतं. पैशांची ओढाताण असेल, तर नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं परवडतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. चार पुस्तिका कमी घ्या, पण रोज मुलाला मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचा. अक्षरांची ओढ तिथूनच लागते.