आपला डबा कोणता?

अमरावतीहून अकोल्याला बैठकीला जायचे तर मी रेल्वेनेच जाते. बडनेऱ्याला मेन लाइनची गाडी धरायची, मूर्तिजापूर गेले की अकोला. गेल्या खेपेला फलाटावर एक आजी टोपली घेऊन उभ्या होत्या. मी विचारले, "आजी, जनरलमध्येच ना?" त्या म्हणाल्या, "आमी त थर्डकलासातच बसतो बाई. नाव बदललं म्हून का जागा वाढली?"

आजींचे खरेच आहे. १९५५ साली जुना फर्स्ट क्लास काढला, सेकंडला फर्स्ट आणि इंटरला सेकंड म्हणू लागले. थर्ड तेवढा थर्डच राहिला. १९७४ साली तेही नाव गेले, पाटीवर 'सेकंड' आले. आत लाकडी फळ्या त्याच. झोपायच्या फळ्यांवर गादी यायला मधु दंडवते रेल्वेमंत्री व्हावे लागले (१९७७ ते ७९). पुढे वरच्या अंगाला नावे वाढत गेली. २०२१ साली थ्री टियर एसीत 'इकॉनॉमी' आली. तळाच्या डब्याचे नाव काय, तर 'अनारक्षित'. काय नाही, तेवढेच सांगणारे.

या मोजदादीत बाई कुठे? अनेक गाड्यांत बायकांचा कप्पा असतो तो 'एसएलआर' डब्यात. एस म्हणजे सेकंड क्लास, एल म्हणजे सामान, आर म्हणजे गार्डची ब्रेकव्हॅन. सामानाला अक्षर आहे, गार्डला आहे, बाईला नाही.

कायदाही वाचण्यासारखा आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखायचा होता. गाडी ५० मैलांपलीकडे जाणारी असेल तर अशा एका कप्प्यात शौचकूपही हवे होते. १९८९ च्या कायद्यातील कलम ५८ म्हणते, एक कप्पा किंवा प्रशासनाला योग्य वाटतील तितक्या जागा. इंग्रज सरकारने घातलेले 'खालचा वर्ग' हे शब्द आपण गाळले. स्लीपरमध्ये बायकांसाठी सहा बर्थचा कोटा असतो. पण सकाळी मजुरी मिळेल की नाही हे ज्या बाईला माहीत नाही, ती आगाऊ तिकीट कशी काढणार?

काही मैत्रिणी म्हणतात, वेगळा डबा मागणे म्हणजे बाईला पुन्हा वेगळे बसवणेच. मलाही तसे वाटायचे. मग एका संध्याकाळी परतताना बायकांचा कप्पा पुरुषांनी भरलेला पाहिला. माझ्यासोबत कोर्ससाठी रोज जा-ये करणारी एक मुलगी होती. आम्ही दोघी दाराशी उभ्याने आलो. तिने ते घरी सांगितले. पुढच्या आठवड्यात वडिलांनी तिचा कोर्स बंद केला. एक बाक गेला, त्यासोबत तिचे शिक्षण गेले. सगळे डबे आपले होतील तेव्हा होतील. तोवर हा बाक सोडून चालणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपणच मोजू या. प्रवासाला निघाल की वहीत लिहा: डबे किती, जनरलचे किती, बायकांचा कप्पा कुठे, त्यात जागा किती, बसले कोण, संडास चालू आहे का. तीन महिन्यांच्या वह्या एकत्र करून निवेदन देऊ. त्यातली पहिली मागणी साधी असेल: राखीव जागांचा आकडा डब्यावर मराठीत लिहा. आकडा लिहिलेला असला की भांडता येते.