हाताला शिफा कोणाच्या?

आपल्या मोहल्ल्यात डॉक्टरांची तारीफ एकाच वाक्यात होते, "त्यांच्या हाताला शिफा आहे." जरा खोदून विचारले की कळते, त्यांनी इंजेक्शन दिले आणि मुलाचा ताप रात्रीत उतरला. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि बहुतेक वेळा ती आठवडाभरात आपोआप बरी होते. त्या आठवड्यात आपण तीन दवाखाने फिरलो, तर शिफा तिसऱ्याच्या नावावर जमा होते!

मग मुलांचा चांगला डॉक्टर ओळखायचा कसा?

पहिली खूण वजनकाटा. लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, अगदी तापाच्या पॅरासिटामॉलचासुद्धा. मुलाला काट्यावर न ठेवता, न तपासता कागद भरून देणाऱ्याकडे पुन्हा जाण्याआधी विचार करावा. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नये, तेही याच कारणाने.

दुसरी खूण, ते आईचे ऐकतात का? आपल्या घरांत पुष्कळदा मुलाला अब्बा किंवा चाचा घेऊन जातात. आई गेलीच तर मागे उभी राहते आणि उत्तरे दादीजान देतात. पण सकाळपासून लघवी किती वेळा झाली, दूध किती घेतले, रात्री श्वास कसा चालला होता, हे आईलाच ठाऊक असते. चांगला डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणतो, "तुम्ही सांगा." शाळेच्या पालकसभेत एका आईने मला सांगितले, "हकीमसाहेबांचे चाटण देत होते, पण डॉक्टर रागावतील म्हणून बोलले नाही." चाटण असो वा घुटी, मुलाच्या पोटात काय गेले आहे हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे. आम्ही शिक्षक मानतो की ज्या वर्गात मूल प्रश्न विचारायला घाबरत नाही, तो वर्ग चांगला. दवाखान्याचेही तसेच आहे.

तिसरी खूण, ते 'नको' म्हणू शकतात का? २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधाने मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. जुलाबाचेही असेच. बहुतेक मुलांना सलाईन लागत नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात केलेले ओआरएस आणि १४ दिवस झिंक पुरते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य कॉलरा रुग्ण वाचवले. म्हणून डॉक्टर "औषधाची गरज नाही" म्हणाले, तर फी वाया गेली असे समजू नका. तपासणी आणि सल्ला याचीच ती फी आहे.

मात्र घरी पाठवताना ते धोक्याची लक्षणेही सांगतात. मूल काही पीत नाही, सगळे उलटून टाकते, श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते, झटके येतात किंवा मूल सुस्त पडून राहते, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री अशा वेळी कुठे न्यायचे, हे आधीच विचारून ठेवा.

हा शोध मूल आजारी पडल्यावर घाईत होत नाही. लसीकरण ही त्यासाठी चांगली संधी आहे. जन्मानंतर बीसीजी, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, पुढे नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. लस कुठेही घ्या, पण प्रत्येक वेळी कार्ड न्या, वजनाची नोंद करून घ्या आणि एखादा प्रश्न जरूर विचारा. उत्तर कसे मिळते, यावरून माणूस कळतो.

आणि भाईजान, पुढच्या वेळी दवाखान्यात मुलाच्या अम्मीला सोबत न्या. डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या.