शेंड्यावरचं छोटं रॉकेट

चित्रकलेच्या तासाला तुम्ही कधी ना कधी रॉकेट काढलंच असेल. खाली ज्वाळा, मधे उंच नळकांडं आणि वर निमुळतं टोक. सोयूझसारख्या, माणसं नेणाऱ्या रॉकेटचा फोटो समोर ठेवून काढलं असेल, तर त्या टोकावर आणखी एक बारीक दांडाही काढला असेल. हा दांडा कसला, असं विचारलं की बरेच जण म्हणतात, "एरियल!"

एरियल नाही बरं का. तेही एक रॉकेटच आहे. मोठ्या रॉकेटच्या डोक्यावर बसवलेलं छोटं रॉकेट. आणि गंमत म्हणजे ते बनवणाऱ्यांपासून त्याच्याखाली बसणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची इच्छा एकच असते, की ते कधीच पेटू नये.

मग ते लावायचं कशाला? त्यासाठी तुम्हाला २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री कझाकस्तानातल्या बैकानूर तळावर यावं लागेल. व्लादिमिर टिटोव्ह आणि गेन्नादी स्ट्रेकालोव्ह हे दोन सोव्हिएत अंतराळवीर सोयूझ यानात पट्टे आवळून पाठीवर आडवे झालेले आहेत. वर सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकात त्यांचे दोन सहकारी वाट बघताहेत. आणि यांच्या पाठीखाली आहे रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन, दोन्ही मिळून अडीचशे टनांहून जास्त! (रॉकेल म्हणजे आपल्या स्टोव्हमधलंच, पण खूप शुद्ध केलेलं.)

उड्डाणाला साधारण दीड मिनिट उरलं असताना इंधनाची एक झडप नीट बंद झाली नाही. रॉकेल बाहेर सांडलं आणि पेटलं. बघता बघता ज्वाळा रॉकेटच्या अंगावर चढू लागल्या.

आत बसलेल्या दोघांना यातलं काही दिसत नव्हतं. यानावर आवरण असतं, त्यामुळे खिडक्या झाकलेल्या असतात. यान वेगळ्याच तऱ्हेनं थरथरतंय, एवढंच त्यांना जाणवलं.

आता खरं तर शेंड्यावरच्या रॉकेटनं पेटायला हवं होतं. पण आगीनं पहिला घास घेतला तो तारांचा! ज्या तारांमधून सुटकेची आज्ञा जायची, त्याच जळून गेल्या. उरला एकच मार्ग, रेडिओवरून आज्ञा द्यायचा. तिथे नियम असा होता की वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन माणसांनी आपापलं बटण पाच सेकंदांच्या आत दाबायचं. एकानंच दाबलं तर काही होणार नाही. आग समोर दिसत असताना सेकंद चाललेले, आणि इकडे सांकेतिक शब्द सांगून दोघांना कामाला लावायचं!

दोघांनीही बटणं दाबली. शेंड्यावरचं रॉकेट कडाडलं आणि अंतराळवीरांसकट यानाचा वरचा भाग उपटून घेऊन वर झेपावलं. त्यानंतर काही सेकंदांतच खालच्या मोठ्या रॉकेटचा स्फोट झाला. तळावरची आग पुढे वीसेक तास जळत होती.

एसटी एकदम सुटली की आपली पाठ सीटला चिकटते ना? त्या रात्रीचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या १४ ते १७ पट होता. तुमचं वजन ४० किलो असेल, तर १४ नं गुणून बघा. ५६० किलो! अंतराळवीर पाठीवर आडवे असतात ते याचसाठी. उभ्या माणसाचं रक्त अशा वेळी पायांकडे ओढलं जातं आणि शुद्ध हरपते. हा हिसका चार-पाच सेकंदच टिकला. मग माणसं असलेली कुपी आवरणातून खाली सुटली, पॅराशूट उघडलं आणि दोघं तळापासून सुमारे चार किलोमीटरवर उतरले. मुका मार बसला होता, बाकी ठीक. टिटोव्ह यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की सुटका होताच आम्ही आधी आतलं बोलणं टिपणारं यंत्र बंद केलं, कारण आम्ही शिव्या देत होतो! (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचायची गरज नाही.)

तुम्ही म्हणाल, दोन माणसं, दोन खोल्या, पाच सेकंद, हा खटाटोप कशाला? एकच मोठं लाल बटण ठेवायचं! किंवा सगळं यंत्रावरच सोडून द्यायचं!

यंत्र काय करू शकतं ते याच बैकानूरवर १४ डिसेंबर १९६६ रोजी दिसलं होतं. रिकामं सोयूझ यान उडवायचं होतं, पण इंजिनं नीट पेटली नाहीत म्हणून उड्डाण रद्द झालं. सगळं शांत झालं. माणसं रॉकेटजवळ तपासणीला गेली. आणि सुमारे २७ मिनिटांनी शेंड्यावरचं रॉकेट आपोआप पेटलं! त्याच्या आगीत खालचं इंधनही सापडलं आणि जीवितहानी झाली.

ते का पेटलं असेल? रॉकेट कललं तर सुटका करायची, हे त्याला शिकवलेलं होतं. कललं की नाही हे बघायला आत भिंगरीसारखी फिरणारी चाकं असतात, त्यांना जायरोस्कोप म्हणतात. ही चाकं आपली दिशा सोडत नाहीत. उड्डाण रद्द झालं तरी ती फिरतच राहिली होती. रॉकेट जागचं हललं नव्हतं, पण पृथ्वी? ती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. २७ मिनिटांत किती ते तुम्हीच काढा. जवळजवळ सात अंश. पृथ्वीबरोबर रॉकेटही फिरलं, भिंगरीची दिशा होती तीच राहिली, आणि यंत्राला वाटलं की रॉकेट पडतंय. एवढे मोठमोठे इंजिनिअर, पण पृथ्वी फिरते हे कुणाच्या लक्षात आलं नाही! मला तर सगळ्या अंतराळयुगातली हीच चूक सर्वांत विलक्षण वाटते.

म्हणजे पेच दोन्हीकडून आहे. हवं तेव्हा हे रॉकेट डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटलं पाहिजे, आणि नको तेव्हा मुळीच नाही. म्हणूनच माणूस बसवण्याआधी त्याची वारंवार परीक्षा घेतात. आपल्या गगनयानासाठी 'इस्रो'नं ५ जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्याहून नुसती कुपी अशी उडवून पाहिली. ती जवळजवळ २.७ किलोमीटर उंच गेली आणि पॅराशूटनं बंगालच्या उपसागरात उतरली. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याहून अवघड परीक्षा होती, उडत्या रॉकेटवरून सुटायची. त्या दिवशी पाच सेकंद उरले असताना संगणकानंच उड्डाण थांबवलं. दोष शोधला, दुरुस्त केला आणि सकाळी १० वाजता पुन्हा उडवलं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर कुपी सुटली आणि समुद्रात उतरली. नौदलानं ती बाहेर काढली.

प्रत्येक यानावर असा दांडा असतोच असं नाही. शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला ज्या ड्रॅगन यानातून गेले, त्यात सुटकेची आठ इंजिनं यानाच्या अंगातच बसवलेली आहेत. अमेरिकेच्या स्पेस शटलवर मात्र अशी काहीच सोय नव्हती. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, त्यात सातही जण गेले.

बरं, त्या रात्री वाचलेल्या दोघांचं पुढे काय झालं? टिटोव्ह नंतर 'मीर' स्थानकात सलग वर्षभर राहून आले. आणि स्ट्रेकालोव्ह? आगीला जेमतेम सहा महिने झाले असतील, बैकानूरवर तसंच दुसरं सोयूझ उभं होतं. शेंड्यावर तसाच दांडा. स्ट्रेकालोव्ह पुन्हा त्याच्याखाली जाऊन पाठीवर आडवे झाले. तारीख होती ३ एप्रिल १९८४. त्यांच्याबरोबर यूरी मालिशेव्ह होते आणि तिसरे होते आपले राकेश शर्मा! आजी-आजोबांना विचारा, त्यांना ते उड्डाण नक्की आठवत असेल. या स्ट्रेकालोव्हांची गोष्ट त्यांना माहीत आहे का, तेही विचारा.