ती पाटी आधी उतरवा!

समस्त कॉलनीकरांना, आणि उत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना तर हात धरून सांगणं : हे आवाहन शेवटपर्यंत वाचा.

आषाढीला देवळासमोर खिचडीवाटप झालं. वाटपाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पातेल्यामागे टांगलेल्या पाटीला : ‘बिनसाखरेची खिचडी. डायबेटिसवाल्यांनाही चालेल.’ पाटीवर विश्वास ठेवून आमच्याच फिरण्याच्या गटातल्या एका काकूंनी दोन द्रोण खिचडी घेतली. घरी दुपारी रताळ्याचा कीस. संध्याकाळी गटाच्या मशीनवर आकडा आला ३१२. काकू म्हणतात, ‘अहो, मी गोड काहीच खाल्लं नाही!’

हेच आपलं दुखणं. साखर म्हणजे डब्यातली पांढरी साखर, बाकी सगळं माफ! साबुदाणा म्हणजे कंदाचा नुसता स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. पोटात गेलं की त्याची साखरच होते, आणि भराभर होते. ‘उपासाला हेच चालतं’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं : हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमला निघाले ते १९४०च्या दशकात. ज्ञानदेवांच्या काळातल्या वारकऱ्याने साबुदाणा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तरी त्याची एकादशी घडत होती.

त्याच दिवशी दुसरा प्रकार. एका निवृत्त गुरुजींनी सकाळची गोळी घेतली आणि वर कडकडीत उपास. देवळाच्या पायरीवर दरदरून घाम, हात थरथरायला लागले. हारवाल्या मावशींनी खडीसाखर पुढे केली, तर शेजारचे दोघे ओरडले, ‘अहो, त्यांना शुगर आहे, साखर काय देता!’ मावशींनी ऐकलं नाही, म्हणून गुरुजी आज घरी आहेत. शिकल्यासवरल्या माणसांना याची लाज वाटायला हवी. शुगर ७० च्या खाली गेली की माणूस शुद्धीवर असेपर्यंत लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आयसीएमआरची देशव्यापी पाहणी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली : देशात १०.१ कोटी मधुमेही, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. शेजारच्या गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांत एक. आणि आपण अजून ‘गूळ चालतो का हो?’ यावर वाद घालतोय. नाही चालत. मधही नाही. कारल्याचा रस पिऊन गोळ्या बंद करणाऱ्यांशी वाद घालायला आमच्याकडे वेळ नाही.

आता करायचं काय?

ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासळीचा, उरलेला पाव भात किंवा पोळीचा. भात वाटीने मोजून, आणि ती वाटी आमटीची नव्हे, लहान. कोशिंबीर आधी खा, भात शेवटी. ज्वारीची भाकरी चांगली, पण ‘ज्वारी आहे’ म्हणून चार खाल्ल्या तर काय उपयोग? नुसते पोहे नकोत. त्यात मटार, दाणे घाला, बरोबर मोडाची उसळ घ्या. चहा मोजा : दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर नुसत्या चहातून. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, पंधरा मिनिटं चाला. खाल्ल्यावर दोन तासांनी शुगर तपासा. कोणता पदार्थ तुम्हाला सोसतो, हे शेजाऱ्यापेक्षा मशीन खरं सांगेल.

उपास करायचाच असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. गोळी-इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही आणि उपाशीपोटी रेटायचंही नाही. राजगिऱ्याची एक भाकरी, दही-काकडी, दुधीची भाजी, मूठभर दाणे, ताक. एवढ्यावर एकादशी होते. वरी, शिंगाडा, बटाटा यांनाही माप आहेच. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आजीला ठाऊक होती, आपण मात्र विसरलो.

मंडळाला एकच मागणं : पाटी उतरवा, आणि पुढच्या वाटपात ताक-काकडीचं पातेलं खिचडीच्या आधी ठेवा. पैसे कमी पडले तर आम्ही वर्गणी काढतो. आमच्या गटात पेन्शनर आहेत, गृहिणी आहेत, एक रिक्षावाले दादा आहेत. पदरच्या पैशांनी मशीनच्या पट्ट्या आणतो, कुणापुढे हात पसरलेला नाही. पंधरा दिवसांनी कामिका एकादशी आहे, पुढे श्रावणी सोमवार आहेत. उत्तर त्याआधी हवं.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता देवळामागच्या कट्ट्यावर मोफत तपासणी. काहीही न खाता, चहासुद्धा न घेता या. नाश्त्याचा डबा आणि सकाळची गोळी बरोबर आणा, तपासणी झाली की तिथेच बसून खाऊ. वहिनींनी ‘ह्यांना’ उठवून आणावं, आणि ह्यांनी वहिनींना. घरच्या बाईची शुगर सगळ्यात शेवटी तपासली जाते, हे आम्ही दर महिन्याला बघतो.