कोड उघडा, पण पॅकेजचं काय?

ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांसमोर, मग धोका कसला? मार्च २०२४ मधलं 'एक्सझेड' प्रकरण बघा. लिनक्समध्ये डेटा कॉम्प्रेस करणाऱ्या या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. तो कामाला लावणारी स्क्रिप्ट गिटहबवरच्या उघड कोडमध्ये नव्हतीच. ती होती वाटपासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने शोध घेतला, म्हणून आपण वाचलो.

तुमच्या फोनमधली ॲप्सही अशाच तयार पॅकेजेसवर उभी असतात. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे: नुसता कोड उघडा असून भागत नाही. त्याच कोडपासून कुणीही पुन्हा बांधलं, तरी हुबेहूब तेच पॅकेज निघालं पाहिजे.