केबलवर ४८० एमबीपीएस, मग फाइल कॉपी व्हायला इतका वेळ का?

मोबाइलमधला ४ जीबीचा व्हिडिओ केबलने लॅपटॉपवर घ्यायचा आहे. केबल यूएसबी २.० ची, म्हणजे वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून ६० मेगाबाइट. या हिशेबाने काम ६७ सेकंदांत व्हायला हवे. प्रत्यक्षात दोन मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात. केबल खराब आहे का? बहुतेक वेळा नाही.

वेग जातो कुठे?

यूएसबीतला 'बी' म्हणजे बस, डेटाची सामायिक वाट. ४८० हा आकडा या वाटेवरून जाणाऱ्या सगळ्या बिटचा आहे. त्यातले सगळे तुमच्या व्हिडिओचे नसतात. डेटा ५१२ बाइटच्या पाकिटांत जातो. प्रत्येक पाकिटासोबत पत्ता, चूक पकडणारा कोड आणि 'मिळाले' अशी पोच लागते. सलग सहा वेळा '१' आला, की दोन्ही टोकांचा ताल चुकू नये म्हणून एक जादा '०' घातला जातो. शिवाय डेटाच्या तारांची जोडी एकच. पोच परत येत असताना डेटा थांबतो.

परिणामी १२५ मायक्रोसेकंदांत जास्तीत जास्त १३ पाकिटे बसतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ मेगाबाइट, तेही कागदावर. फोनची मेमरी, सॉफ्टवेअर आणि त्याच हबवरची इतर उपकरणे आपला वाटा घेतात आणि हाती ३० ते ४० उरतात.

नवी पिढी सुधारली का?

काही अंशी. ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० मध्ये दर ८ बिटसाठी १० बिट पाठवावे लागतात. त्यामुळे ६२५ मेगाबाइटचे तिथेच ५०० होतात. १० गिगाबिटच्या पुढच्या पिढीत १२८ बिटमागे फक्त ४ जादा असतात.

मग तक्रार कशाची?

ही उधळपट्टी नाही. पोच आणि तपासणी काढून टाकली, तर फाइल लवकर येईल, पण धड येईल याची खात्री नाही. तक्रार आहे ती छापील आकड्याची. तुपाच्या डब्यावर डबा वगळून निव्वळ वजन लिहिण्याचे बंधन आपल्याकडे आहे. केबलच्या खोक्यावरचा आकडा मात्र डब्यासकट वजनाचा असतो. ग्राहकाला प्रत्यक्ष मिळणारा वेग, तोही मेगाबाइटमध्ये, शेजारी छापायला काय हरकत आहे?

तोवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाइप-सी हा पिनचा आकार आहे, वेग नव्हे. २०२३ च्या साध्या आयफोन १५ मध्ये टाइप-सी असूनही वेग यूएसबी २.० चाच आहे. आणि यूएसबी २.० चा आकडा आठने भागून त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांशच धरा.